खिडकीतून दिलेली पोर

शिफ्रानं दोन हिवाळे आपल्या पोटच्या पोरीला एकदाही 'माझी' म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळ आली की ती जीभ आवरायची आणि 'क्रायनाकाकूंची' म्हणायची. बाजारात कुणी विचारलं, ही गोड पोर कुणाची गं, तर तिचं उत्तर ठरलेलं असे: शेजारच्यांची आहे, मी आपली सांभाळते. ओसिनोव्हका गावात सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं आणि सगळे गंभीरपणे माना डोलवायचे. ज्याच्यापासून लपवायचं, तो काही गावातला नव्हता.

शिफ्राची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरी मिरेल. ती चालायला लागली, बोलायला लागली, कोंबड्यांच्या मागे धावायला लागली, तरी शिफ्रा रात्री उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. आणि मग एका हिवाळ्यात मिरेलचा घसा आतून पांढरा पडला. श्वास करवतीसारखा वाजायला लागला. जिल्ह्याच्या गावाहून आणलेला डॉक्टर आला तसाच निघून गेला, जाताना दाराशी त्यानं शिफ्राच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बघून शिफ्रा काय ते समजली.

मग बायका जमल्या आणि अशा वेळी जे करायचं असतं ते केलं. मिरेलला रजईत गुंडाळून खिडकीतून बाहेर दिलं. बाहेर बर्फात शेजारची क्रायना उभी होती. तिची सगळी मुलं जगून हातापायानं मोठी झालेली, म्हणून तीच. तिनं खिडकीतून आत काळ्या पिठाचा एक पाव आणि मिठाचा खडा दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही पोर कुणाची?"

"तुमची," शिफ्रा म्हणाली.

"तुझं हिच्यात काही राहिलं का?"

"काही नाही."

दारातून द्यायचं नाही, कारण दाराशी तो, मरणाचा दूत, उभा असतो. पोरीचं नाव आणि आईचं नाव, दोन्ही त्याला पाठ असतात. तो आत आला तर त्याला शिफ्राची मिरेल सापडता कामा नये. आणि शेजारी क्रायनाच्या घरी होती ती आल्ते, म्हणजे म्हातारी. पोरीचं नावच म्हातारी ठेवलं, म्हणजे त्याला वाटावं की हिच्याकडे आपण चुकून आलो.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं सूप मागितलं.

पोर बरी झाली, शिफ्राच्याच घरात झोपायला लागली, पण व्यवहार तो व्यवहार. ती क्रायनाला आई म्हणायची आणि शिफ्राला मावशी. पोरीच्या लग्नाच्या दिवशी शिफ्रा तिला परत विकत घेणार, त्याआधी नाही. क्रायना रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "काय गं, माझी पोर जेवली का? की उपाशी ठेवलीस?" आणि शिफ्रा खाली मान घालून म्हणायची, जेवली काकू. हा विनोद होता, आणि विनोद नव्हताही. 'आई' ही हाक अंगणात ऐकू आली की शिफ्राचं मन आपोआप ओ द्यायचं आणि ती ते मन दाबून भांडी घासत राहायची.

शिफ्राचा नवरा झेलिक गाडीवान होता. ओसिनोव्हकापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत माणसं, मीठ, कातडी, नवरदेव, प्रेतं, जे असेल ते न्यायचा. मग रूळ आले. पहिल्या वर्षी झेलिक हसला. वाफेच्या गाडीला शिवी दिली तर ती वेग वाढवते का, म्हणाला. दुसऱ्या वर्षी मीठ रुळावरून जायला लागलं, तिसऱ्या वर्षी नवरदेवसुद्धा. घोड्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा त्यानं घोडा विकला. नदीकाठी वाफेवरचे माग सुरू झाले, म्हणून गल्लीतल्या विणकरांचे हातमाग बंद पडले. ते तर झेलिकच्याही आधी अमेरिकेला निघाले. वसंतात शेजारच्या गावात ज्यूंची दुकानं फोडली, माणसं मारली. त्या दिवसापासून गल्लीतली बायकामंडळी एकमेकींना 'कशी आहेस' असं विचारायची सोडून 'तुमचं कधी' असं विचारायला लागली.

झेलिक आधी गेला. न्यूयॉर्कला एका कारखान्यात तो कोटांना इस्त्री करत होता. इस्त्री वाफेची होती. पुन्हा वाफच, असं त्यानं कळवलं होतं, आणि प्रत्येक निरोपात विचारलं होतं, क्रायनाकाकूंची मुलगी कशी आहे. एवढं बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते शिफ्राला कळत होतं. पुढे त्यानं बोटीची तिकिटं पाठवली. क्रायनाचा मोठा मुलगाही तिकडेच लोखंडाच्या भट्टीवर होता, त्यानं आईचं तिकीट पाठवलं. दोघी एकाच दिवशी निघाल्या. शिफ्राला धीर आला होता. पोर समुद्रावर असताना तिची आई, म्हणजे विकत घेणारी आई, सोबत असलेली बरी.

सीमा ओलांडली ती गवताच्या गाडीत लपून, आणि पलीकडे पोचल्यावर जर्मन लोकांनी त्यांना बंद डब्यांत बसवलं. कुठे नेतायत ते कुणी सांगेना. गाडी शेवटी उघड्या माळावर थांबली. गाव नाही, चर्च नाही, नुसत्या लाल विटांच्या लांबलचक इमारती आणि एक धुराडं. पांढऱ्या डगल्यांतली माणसं हातांनी खुणा करत ओरडत होती. पुरुष इकडे, बायका तिकडे. सामान खाली. अंगावरचे कपडेसुद्धा.

हा तपासणीचा नाका होता. बोटीत चढण्याआधी रशियातून येणाऱ्या प्रत्येकाला इथे धुवून, उकळून, तपासून घ्यायचे. पटकी आणि खरूज पलीकडे नेऊ नये म्हणून. हे शिफ्राला नंतर कळलं. त्या घटकेला तिला एवढंच दिसलं की आपल्या गाठोड्यांचा ढीग एका लोखंडी दारातून आत ढकलतायत आणि दाराच्या फटींतून वाफ येतेय. ढिगातली तिची एकच उशी वाफेतून लवकर परत आली, बाकीच्या गाद्यांची आत लापशी झाली म्हणे. बायका रडत होत्या. एक म्हणाली, आधी लुबाडतात, मग मारतात. दुसरी म्हणाली, मारायचं असतं तर साबण कशाला दिला असता.

"पोरं वेगळी, पोरं वेगळी," असं काहीतरी एक परिचारिका म्हणत होती. तिनं आल्तेचा हात धरला. शिफ्रा पुढे सरसावली, तोवर तिला दुसरीनं मोरीत ढकललं. गरम पाणी, डोळ्यांत झोंबणारा बुळबुळीत साबण, आणि धुकं इतकं की शेजारची बाई दिसेना. शिफ्रानं हाका मारल्या. 'आल्ते' अशीच हाक मारली. भीतीनं जीव चाललेला असतानाही खरं नाव तोंडातून निसटलं नाही.

त्या वेळी पलीकडे काय झालं ते तिला थोड्या वेळानं क्रायनानंच सांगितलं. परिचारिकेनं पोरांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला खुणेनं विचारलं, तुझी आई कोण. मोरीच्या दाराशी केस पुसत बसलेल्या क्रायनाकडे आल्तेनं बोट दाखवलं. परिचारिकेनं क्रायनाला विचारलं, तुझी का. क्रायना म्हणाली, माझीच. मग काय म्हणणार? दोन वर्षं तेच म्हणत होती. परिचारिकेनं दोघींच्या गळ्यात एकाच आकड्याचे पत्र्याचे बिल्ले अडकवले आणि पुढे गेली.

डोळे तपासणारा डॉक्टर शेवटी होता. तो पापणी बोटावर उलटी करायचा. क्रायनानं आयुष्यभर गावाची भट्टी सांभाळली, पाव भाजले. तिचे डोळे शिफ्रानं कधी पांढरे पाहिलेच नव्हते. धुराचे आहेत हो, धुराचे, असं ती आपल्या भाषेत सांगत राहिली. डॉक्टरनं तिच्या खांद्यावर खडूनं फुली मारली.

शिफ्रा बाहेर आली ती एका मोठ्या दालनात. ओल्या, चुरगळलेल्या, गंधकाचा वास मारणाऱ्या कपड्यांत माणसं बाकांवर बसली होती. हांबुर्गची गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. घंटा झाली की चढायचं, असं कुणीतरी म्हणालं. शिफ्रानं उशी काखेत धरली आणि प्रत्येक बाकाखालीसुद्धा शोधलं. पोर नव्हती. क्रायना नव्हती.

दालनाच्या टोकाला लाकडी पडदी होती आणि पडदीत एक चौकोनी झडप, सूपचे वाडगे पलीकडे द्यायला ठेवलेली. शिफ्रानं वाकून पाहिलं. पलीकडचं दालन अंधारं होतं. त्या बाजूला फुली मारलेली माणसं. पुरळ उठलेलं एक बाळ मांडीवर घेऊन एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. आणि खिडकीजवळच्या बाकावर क्रायना, तिला चिकटून आल्ते. दोघींच्या छातीवर बिल्ले. आल्तेचे गाल लाल होते.

गरम पाण्यानं लाल झालेत, शिफ्रा मनाशी म्हणाली. मग तिचं लक्ष पुन्हा त्या बाळाकडे गेलं, आल्तेपासून हातभर अंतरावर. ती दुभाष्याकडे धावली.

दुभाषा होता लेवाल्ड नावाचा, ज्यू, आपल्यातलाच, पण जर्मनीतला. दाढी घोटलेली, गळपट्टा कडक, आणि आपल्यातल्यांशी बोलताना नाक जरा वर. परतीची माणसं संध्याकाळच्या आत सीमेपलीकडे सोडतात, असं त्यानं शिफ्राला सांगितलं. सरकारचा तसा हुकूम आहे. फुली म्हणजे परत.

"पण ती पोर माझ्याबरोबर आहे," शिफ्रा म्हणाली.

"तिच्या गळ्यात त्या बाईचा आकडा आहे. आई जाईल तिकडे पोर. कुणाची आहे ती?"

शिफ्राचं तोंड उघडलं. "क्रायनाकाकूंची," ती म्हणाली. सवयीनं म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिच्या कानांत सूं असा आवाज झाला.

"मग प्रश्नच मिटला."

"नाही, पण तिचा बाप न्यूयॉर्कला आहे. झेलिक. माझा नवरा."

लेवाल्डनं तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुमच्या नवऱ्याची, शेजारणीची, आणि तुमची नाही," तो म्हणाला. "आणि तुम्ही तिघी मिळून त्याला भेटायला निघालात. तुमचं मन फार मोठं आहे, बाई."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. शिफ्राला लाज वाटायलाही सवड नव्हती. तिनं त्याची बाही धरली आणि खालच्या आवाजात, शब्द गाळत गाळत, घसा, खिडकी, पाव, मीठ, एवढं सांगितलं. 'माझी' हा शब्द मात्र तिच्यातून निघेना. त्याच्याभोवती फिरून फिरून ती दमली.

लेवाल्डला कळलं. कळल्यावर त्याचा चेहरा आणखीच आंबला. टेबलामागे बसलेल्या मिशाळ अंमलदाराकडे त्यानं चोरून पाहिलं. ह्या माणसासमोर आपल्या लोकांचे असले प्रकार उलगडून सांगायचे, हे त्याच्या अगदी जिवावर आलेलं दिसत होतं.

"विकलीत," तो म्हणाला. "ह्या काळात. आगगाडीत बसून, बोटीचं तिकीट घेऊन."

"हो."

"ऐका. बायका दुसऱ्यांच्या मुली घेऊन जातात आणि दक्षिणेकडच्या बंदरांत त्यांचं काय करतात ते मी तुम्हाला सांगत नाही. हा अंमलदार मुलीबरोबरच्या प्रत्येक बाईकडे त्याच नजरेनं बघतो. मी सांगून तो ऐकणार नाही. त्या बाईनं त्याच्यासमोर पोर सोडली पाहिजे आणि तुम्ही तुमच्या तोंडानं म्हटलं पाहिजे की ती माझी आहे. मोठ्यानं. मी नुसता शब्द पोचवीन. आणि घंटेच्या आत."

शिफ्रा झडपेशी गेली. वाकली. पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिनं क्रायनाला सगळं सांगितलं. क्रायना ऐकताना आपले लाल डोळे बोटांनी चोळत होती.

"म्हण मग," क्रायना म्हणाली. "वाट कसली बघतेस?"

"तिचे गाल बघ काकू. हात लावून बघ. तापलीये का?"

क्रायनानं हात लावला. "पाण्यानं आहे," ती म्हणाली, पण जरा थांबून म्हणाली. तो मधला क्षण शिफ्राला पुरला. तिच्या डोळ्यांसमोर झडप नव्हती, ती बर्फातली खिडकी होती. इथे, इतक्या आजारी माणसांत, त्याचा राबता नसेल तर कुठे असेल? ह्या इमारतीत तो फुल्या मोजत हिंडत असेल. आणि त्याला भाषा सगळ्या येतात. दुभाष्याची गरज त्याला नाही. आपण मोठ्यानं माझी म्हणायचं आणि त्यानं वळून बघायचं, अच्छा, इथे आहे होय ती. ह्याच गालांवर बोट ठेवायचं. नाही म्हटलं तर पोर जगेल, पण सीमेपलीकडे, क्रायनाच्या बंद पडलेल्या भट्टीशी, दुकानं फोडणाऱ्यांच्या वाटेवर. ती तिथे आणि आपण समुद्रापलीकडे. एक मुलगी जिवंत असून नसलेली.

"मावशी, आपण कधी जायचं?" आल्तेनं विचारलं. तिला खोकला आला. एकदाच आला. शिफ्रानं झडपेची कड धरली.

"मी परत येते तुमच्याबरोबर," ती क्रायनाला म्हणाली. "आपण तिघी परत जाऊ."

"आणि खाणार काय? रूळ?" क्रायना म्हणाली. मग तिनं आवाज उतरवला. "पोरी, मी तिकडे मुलाच्या डोळ्यांसमोर मरायला निघाले होते. आता घरी मरेन, एवढंच. पण ह्या पोरीला मी मरणाच्या तोंडातून विकत घेतलीये, ती परत त्या गल्लीत नेऊन घालायला नाही. शहाण्यासारखं वाग. आणि रीतीनं वाग. नुसतं माझी म्हणून ओढून नेशील तर त्याला ऐकू जाईल. विकत घे. विकत घेतलेल्यावर त्याचा हक्क चालत नाही, दोन वर्षं चाललाय का?"

"लग्नात घ्यायची असते, काकू."

"लग्नापर्यंत मी कुठे आहे?"

बाहेर फलाटावर माणसं रांग लावायला लागली होती. अंमलदारानं काहीतरी विचारलं, लेवाल्डनं घाईनं उत्तर दिलं आणि शिफ्राला हातानं खूण केली. परतीच्या दालनाचं दार उघडायला एक शिपाई किल्ल्या घेऊन निघाला.

"दारातून नाही," क्रायना शिपायालाच ओरडली, जणू त्याला कळत होतं. "खिडकीतून दिलीये, खिडकीतूनच जाईल. शिफ्रे, काय देतेस बोल. फुकट नाही हं."

शिफ्राकडे काही नव्हतं. पाव नव्हता, मीठ नव्हतं. काखेत उशी होती. तिच्या आईची, हंसाच्या पिसांची. तिन्ही मुलं जन्मली तेव्हा हीच तिच्या डोक्याखाली होती, आणि दोघांना शेवटचं हिच्यावरच निजवलं होतं. आगबोटीत पोरीच्या डोक्याखाली द्यायला एवढी एकच गोष्ट तिनं गावाहून आणली होती. तिनं ती झडपेतून आत ढकलली.

क्रायनानं उशी दाबून बघितली, नाकाशी नेली, बाजारात कोंबडी घेताना बघायची तशी सगळीकडून बघितली. "चालेल," ती म्हणाली. "सौदा झाला." आणि तिनं आल्तेला बगलेत धरून उचललं, पाय पुढे करून झडपेत घातलं.

पोरीला काय चाललंय ते कळलं आणि तिनं किंचाळायला सुरुवात केली. तिनं दोन्ही हातांनी झडपेची चौकट धरून ठेवली. आई, आई, असं ओरडत होती आणि मान वळवून क्रायनाकडे बघत होती. अंमलदार खुर्चीतून उठला. हेच तर तो नेहमी बघत असावा: आईपासून ओढून काढलेली मुलगी, आणि ओढणारी एक घामाघूम परकी बाई. त्यानं हात वर केला. शिपाई थांबला. लेवाल्डचे ओठ पांढरे पडले होते.

"विचारतोय तो," लेवाल्ड झडपेतून क्रायनाला म्हणाला, "ही मुलगी तुझी आहे का?"

क्रायनानं पोरीची बोटं चौकटीवरून एकेक सोडवली. मग ती उशी पोटाशी धरून मागे सरली आणि पाठ फिरवली.

"माझी मुलगी नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मला मुलगी झालीच नाही. सगळे मुलगेच."

"आई," आल्ते म्हणाली.

क्रायना वळली नाही. तिच्या पाठीवरची फुली तेवढी दिसत होती. खरं तर ती खांद्यावर होती, पण क्रायना इतकी आत मिटली होती की खांदा पाठीत आला होता.

आता अंमलदार शिफ्राकडे बघत होता. सगळं दालन बघत होतं. पोर तिच्या हातांत अर्धी झडपेत, अर्धी बाहेर, लाथा झाडत होती. शिफ्राला वाटलं, आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय आणि आपण काय म्हणतो ते ऐकायला त्यानं मान पुढे केलीये. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"माझी आहे," ती म्हणाली.

"मोठ्यानं," लेवाल्ड म्हणाला.

"माझी आहे. मी जन्म दिलाय हिला. मिरेल, झेलिकची आणि माझी."

नाव निघून गेलं होतं. ते तिनं ठरवलं नव्हतं. दोन वर्षं तोंडात धरून ठेवलेलं ते नाव इतक्या मोठ्या आवाजात बाहेर पडलं की दालनाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यानंही डोकं वर केलं. आणि तिच्या हातांतली पोर एकदम गप्प झाली. भीतीनं गप्प झाली की नाव ऐकून, ते शिफ्राला कधीच कळलं नाही.

लेवाल्डनं जर्मनमध्ये बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यात त्यानं काय घातलं आणि काय गाळलं देव जाणे. अंमलदारानं पोरीची हनुवटी वर करून तिच्याकडे पाहिलं, मग शिफ्राकडे, पुन्हा पोरीकडे. दोघींच्या भुवया एकाच जागी तुटलेल्या होत्या. त्यानं पत्र्याचा बिल्ला काढायला सांगितला. घंटा झाली.

दाराशी लेवाल्डनं शिफ्राला गाठलं. "तिकडे पोचल्यावर," तो म्हणाला, "हे कुणाला सांगू नका." मग गळपट्टा सैल करत, "पोरीला समुद्रावर वारा लागू देऊ नका," एवढं बोलून तो वळला.

शिफ्रानं झडपेकडे एकदा पाहिलं. झडप खाली पडली होती.

डब्यात माणसं दाटीनं बसली होती. शिफ्राला खिडकीशी जागा मिळाली. मिरेल, तिला मनातही आता काय म्हणावं ते समजेना, मांडीवर ताठ बसली होती, अंग न टेकवता. गाडी हलली. विटांच्या इमारती मागे गेल्या, धुराडं मागे गेलं. पोर रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

शिफ्रानं तिच्या कपाळाला ओठ लावले. ऊन होतं. पुन्हा लावले. तिचे स्वतःचेच ओठ तापले होते की कपाळ, काही समजेना. तिनं शेजारच्या पत्र्यावर गाल टेकवून गार केला आणि मग पोरीच्या गालाला लावून बघितला. रडल्यानं असेल. वाफेनं असेल. तिनं घशाशी कान नेला. श्वास साधा होता, पण करवतीचा आवाजही सुरुवातीला साधाच होता. मी म्हटलं, ती मनाशी म्हणत होती, मी नाव घेऊन म्हटलं, आणि दालनभर ऐकू गेलं. डब्याच्या दारात कुणी उभं आहे का ते तिनं पाहिलं. एक माणूस उभा होता, टोपी घालून, पाइपात तंबाखू भरत. माणूसच होता.

समोरच्या बाकावर चार पोरं पंखाखाली घेतलेली एक लठ्ठ बाई बसली होती. ती बराच वेळ दोघींकडे बघत होती. शेवटी तिनं पिशवीतून कांदा आणि पाव काढला, पोरांना वाटला, आणि एक तुकडा पुढे केला.

"घे गं बाळे. किती गोड पोर आहे. तुमचीच का हो?"

शिफ्रानं तोंड उघडलं. आत दोन्ही उत्तरं होती आणि दोन्हींची भीती वाटत होती.

"ह्यांनी मला विकत घेतलंय," पोर म्हणाली. सगळ्या वाटेत ती बोललेलं हे पहिलंच वाक्य. तिनं पावाचा तुकडा घेतला. "उशी देऊन."

लठ्ठ बाईचा घास तोंडाशीच राहिला. तिची पोरं खिदळायला लागली. शिफ्रानं त्या चौघांकडे पाहिलं, टोपीवाल्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या अंधाऱ्या बोळाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली, डब्याच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. "विकत घेतलीये. म्हातारी नाव तिचं."

पोर पाव चावत राहिली. हळूहळू तिची पाठ शिफ्राच्या छातीला टेकली. शिफ्रानं हात तिच्या कपाळावर ठेवला आणि तो तिथेच ठेवून ती खिडकीच्या काचेत डब्याचं दार बघत बसली.